बांधकाम साइटवरच्या अडचणी आणि नवं तंत्रज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट इंजिनिअर, प्रकल्प व्यवस्थापक, बिलिंग आणि स्टोअर सांभाळणारे लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साइटवर वाया जाणाऱ्या वेळेचा मोठा वाटा वाट पाहण्यात जातो. कधी ड्रॉइंगची वाट, कधी मालाची, कधी आधीच्या टोळीची, तर कधी नुसत्या एका होकाराची. म्हणून कुठलंही उपकरण किंवा सॉफ्टवेअर घेण्याआधी आम्ही एवढंच विचारतो : यानं नक्की कोणाचं वाट पाहणं कमी होणार?

सुरुवात कुठल्या तंत्रज्ञानापासून करावी?

तंत्रज्ञान निवडण्याआधी दोन आठवडे थांबलेल्या कामाची नोंद ठेवा. १५ मिनिटांपेक्षा जास्त काम थांबलं की सुपरवायझरनं चार गोष्टी लिहायच्या : कोणती टोळी, किती माणसं, किती वेळ, कशामुळे. कारणं सहाच ठेवा : ड्रॉइंग किंवा माहिती, माल, यंत्र, आधीचं काम अपुरं, तपासणी किंवा परवानगी, हवामान. ‘इतर’ हा रकाना ठेवूच नका. तो ठेवला की निम्म्या नोंदी त्यातच जातात.

मग मनुष्यतास काढा. आठ जणांची शटरिंगची (काँक्रीटच्या साच्याची) टोळी ४५ मिनिटं थांबली तर ६ मनुष्यतास गेले. दोन आठवड्यांची बेरीज कारणानुसार लावली की पहिलं दुखणं स्पष्ट दिसतं. तपासणीसाठी थांबणं सर्वात जास्त असेल, तर मोबाइलवरची तपासणी विनंती आणि मंजुरी आधी आणावी. त्या साइटला ड्रोनचा उपयोग शून्य. दहा मॉड्यूलचं पॅकेज घेऊन सगळी मॉड्यूल एकाच दिवशी सुरू केली की एकही धड रुजत नाही, हे फार साइटवर घडतं.

अ‍ॅप घेतलं, प्रशिक्षणही दिलं, तरी साइटवरची माणसं ते वापरत नाहीत. का?

पहिलं कारण बहुतेक वेळा दुहेरी काम असतं. वही चालूच आणि वर अ‍ॅपही भरायचं. दोन आठवडे दोन्ही समांतर चालवा, पण वही बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि ती पाळा. कार्यालयातून कुणी ‘जरा वहीचा फोटो पाठव’ म्हणालं की अ‍ॅपचं महत्त्व त्याच दिवशी संपतं.

दुसरं कारण फॉर्मची लांबी. दैनंदिन प्रगतीचा फॉर्म उन्हात, धुळीत, एका हातानं भरायचा आहे. दोन मिनिटांत भरून झाला पाहिजे. टोळीची यादी कालचीच आपोआप यावी, कामाचं ठिकाण यादीतून निवडता यावं, टाइप करायचे ते फक्त आकडे.

तिसऱ्या कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माहिती वर जाते, खाली काहीच येत नाही. मुकादमाला त्याच संध्याकाळी मंजूर झालेलं माप फोनवर दिसलं, तर दुसऱ्या दिवशी तो स्वतः नोंद झाली का म्हणून विचारायला येतो.

नोंदी खऱ्या आहेत का, हे पाहायचं असेल तर वेळ तपासा. सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान झालेल्या असतील आणि आकडे सगळे पूर्णांकात असतील, तर ती माहिती आठवणीतून भरलेली आहे.

तळघरात किंवा दुर्गम साइटवर नेटवर्क नसतं. मग काय?

नेटवर्क नसतानाही नोंद आणि फोटो फोनमध्ये साठवून ठेवणारं सॉफ्टवेअरच घ्या. खरेदीआधी चाचणी करा : फोन एअरप्लेन मोडवर टाका, पाच नोंदी आणि वीस फोटो भरा, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, मग नेटवर्क सुरू करा. एकही नोंद हरवली किंवा दोनदा गेली तर ते अ‍ॅप साइटसाठी नाही. दोघांनी नेटवर्क नसताना एकच नोंद बदलली तर कोणाची टिकते, हेही पुरवठादाराला करून दाखवायला सांगा.

तळघरात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत, त्यामुळे फोटोवर आपोआप येणाऱ्या ठिकाणावर भरवसा ठेवू नये. ग्रिड क्रमांक किंवा खोलीच्या दारावरचा क्यूआर कोड हा तिथला खात्रीचा पत्ता.

जुन्या ड्रॉइंगवर काम होऊन तोडफोड करावी लागते. हे कसं थांबवायचं?

नवं ड्रॉइंग पाठवणं सोपं असतं. जुनं साइटवरून नाहीसं करणं अवघड असतं. सेंटरिंगवाल्याच्या खिशात घडी घातलेला जुना कागद असतो आणि काम त्यावर होतं.

ड्रॉइंग रजिस्टर एकाच ठिकाणी ठेवा. प्रत्येक ड्रॉइंगला क्रमांक, आवृत्ती आणि दर्जा हवा : माहितीसाठी, मंजुरीसाठी की बांधकामासाठी. प्रत्येक छापील प्रतीवर क्यूआर कोड असावा. तो स्कॅन केला की ‘चालू आवृत्ती’ किंवा ‘रद्द’ एवढंच मोठ्या अक्षरात दिसावं. नवी प्रत देताना जुनी परत घ्या, तशी सही घ्या. बदल कुठे झाला ते ढगाच्या आकाराच्या खुणेनं दाखवलेलं नसेल तर ते ड्रॉइंग स्वीकारूच नये. चारशे रेघांमधून एका सळईचा बदललेला व्यास साइटवर कुणी शोधत बसत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ड्रॉइंग रजिस्टरमध्ये चढेपर्यंत बांधकामासाठी वापरायचं नाही, हा नियम मालकाच्या प्रतिनिधीलाही लागू करा.

बार चार्ट (कोणतं काम कधी, याचा तक्ता) दर आठवड्याला चुकतो. चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तर सुधारेल का?

फक्त सॉफ्टवेअरनं नाही. क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकातली आहे आणि कोणत्या कामामुळे प्रकल्प लांबतो ते ती नीट दाखवते. पण पुढच्या सोमवारी प्लास्टरची टोळी खरंच काम सुरू करू शकेल का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी विकसित केलेली लास्ट प्लॅनर पद्धत उपयोगी पडते.

पुढच्या सहा आठवड्यांची कामं काढा. प्रत्येकासमोर सात अडथळे तपासा : ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्र, आधीचं काम, परवानगी, मोकळी जागा. ज्या कामाचे सगळे अडथळे दूर झाले तेच आठवड्याच्या योजनेत घ्या, आणि ते करून देण्याचा शब्द टोळीच्या प्रमुखानं स्वतः द्यायचा. आठवड्याच्या शेवटी टक्केवारी काढा. २० कामांचा शब्द दिला आणि १३ पुरी झाली तर ६५ टक्के. ९० टक्के झालेलं काम ‘झालं नाही’ असंच मोजायचं, कारण पुढची टोळी त्यावर चढू शकत नाही.

आकड्यापेक्षा न झालेल्या सात कामांची कारणं मोलाची आहेत. टक्केवारी दर आठवड्याला १०० येत असेल तर लोक जपून, कमी शब्द देत आहेत असं समजा. हे सगळं भिंतीवरच्या चिठ्ठ्यांनी सुरू करता येतं. बैठक अंगवळणी पडल्यावर सॉफ्टवेअर आणलं तर ते टिकतं.

सळईचा हिशेब कधीच जुळत नाही. कुठे गळती होते?

तीन जागा तपासा. पहिली, वजन. सळईचं दर मीटर वजन किलोमध्ये हवं असेल तर व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग काढून १६२ नं भागा. १६ मिलिमीटरला १.५८ किलो, म्हणजे १२ मीटरच्या सळईचं सुमारे १९ किलो. प्रत्यक्षातली सळई यापेक्षा थोडी हलकी किंवा जड असते, कारण रोलिंगमध्ये (कारखान्यात सळई घडवताना) ठराविक सूट असते. माल वजनावर घेतला आणि वापर सूत्रानं दाखवला, तर हा फरक ‘गायब’ दिसतो. प्रत्येक खेपेतून एक मीटरचे तीन तुकडे काटेकोर मोजून सरासरी वजन नोंदवा.

दुसरी जागा, कापणी. ४.३ मीटरचे तुकडे हवेत, सळई १२ मीटरची. दोन तुकडे निघतात, ३.४ मीटर उरते. म्हणजे जवळपास २८ टक्के सळई बाजूला पडली. त्याच व्यासाची ३.४ मीटरची गरज दुसऱ्या बीममध्ये किंवा कॉलममध्ये असेल आणि दोन्ही एकत्र कापले, तर वाया काहीच जात नाही. हाताने हे एका फुटिंगपुरतं (खांबाच्या पायापुरतं) जमतं, संपूर्ण मजल्याचं नाही. बार बेंडिंग शेड्यूल (कुठल्या व्यासाच्या, किती लांबीच्या, किती सळया लागतील याचा तक्ता) नीट तयार असेल तर कटिंग ऑप्टिमायझेशनचं सॉफ्टवेअर हे काम काही मिनिटांत करतं. मात्र कापणी यार्डात कापण्याची यादी छापून टांगली पाहिजे आणि उरलेले तुकडे व्यास व लांबीनुसार रॅकमध्ये लावले पाहिजेत. रॅक नसेल तर फिटर नवीच सळई उचलतो.

तिसरी, न दाखवलेला वापर : चेअर आणि स्पेसर (सळई जागेवर धरणारे तुकडे), जादा लॅप (दोन सळयांचा एकमेकींवर चढवलेला भाग), शटरिंगच्या आधाराला ठोकलेले तुकडे. यांना शेड्यूलमध्ये ओळ द्या. हिशेब महिन्याला एकदा करण्यापेक्षा प्रत्येक स्लॅबनंतर करा, म्हणजे फरकाचं कारण अजून लोकांच्या डोळ्यांसमोर असतं.

काँक्रीटच्या गाड्या कधी रांगेत उभ्या, कधी पंप रिकामा. जीपीएस लावून फायदा होईल?

होतो, पण आधी गाड्यांची संख्या बरोबर काढावी लागते. पंपाचा साइटवरचा खरा वेग तासाला ३० घनमीटर आणि गाडी ६ घनमीटरची असेल तर दर १२ मिनिटांनी एक गाडी हवी. एका फेरीत भरणं १०, येणं ३०, थांबून रिकामी होणं २०, धुणं ५, परत जाणं २५ मिनिटं, एकूण ९० धरा. ९० भागिले १२ म्हणजे ७.५, म्हणून ८ गाड्या. रस्त्यात २४ मिनिटं जादा लागू लागली की १० गाड्या लागतात. ८ वरच राहिलात तर पंप थांबतो, आणि उन्हाळ्यात थांबलेल्या थरावर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या थरातला कच्चा सांधा) पडायला फार वेळ लागत नाही.

जीपीएसनं मिळणाऱ्या चार वेळा जपा : प्लांटमधून सुटली, गेटवर आली, ओतायला सुरुवात, ओतून संपली. सुटणं ते गेट हा वेळ वाढत असेल तर दोष रस्त्याचा. गेट ते ओतण्याची सुरुवात हा वाढत असेल तर दोष साइटचा : पंप, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र), माणसं किंवा अपुरी शटरिंग. एवढ्या फरकानं अर्धी भांडणं मिटतात.

गेटवर आणखी एक नोंद हवी : स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप), आणि पाणी घातलं का. ६ घनमीटरच्या गाडीत ६० लिटर पाणी म्हणजे घनमीटरला १० लिटर. ३५० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असलेल्या मिक्समध्ये पाणी-सिमेंट प्रमाण ०.४६ वरून ०.४९ वर जातं. काम सोपं वाटतं आणि ताकद कायमची उतरते. उशिरा आलेल्या गाडीला प्लांटच्या संमतीनं, मोजून अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) द्यावं. पाइप लावून पाणी कधीच नको.

सेन्सर लावून स्लॅबची शटरिंग लवकर काढता येते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण अटींसह. मॅच्युरिटी पद्धतीत काँक्रीटचं तापमान आणि वेळ यांवरून ताकदीचा अंदाज येतो. सर्वात सोप्या सूत्रात आधार तापमान (ज्याच्या खाली ताकद वाढत नाही असं मानतात) शून्य धरलं, तर सरासरी ३० अंशांवर ७२ तासांत २१६० अंश-तास (अंश गुणिले तास) जमतात. थंडीत सरासरी २० अंश असेल तर तेवढ्यालाच १०८ तास लागतात. ‘तिसऱ्या दिवशी काढा’ हा एकच नियम दोन्ही ऋतूंत का फसतो, ते यावरून कळेल.

आधी त्याच मिक्ससाठी प्रयोगशाळेत वक्र तयार करावा लागतो : १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांना नमुने फोडून ताकद मोजायची, सोबत काही नमुन्यांत सेन्सर ठेवून अंश-तास. सिमेंटचा प्रकार, अ‍ॅडमिक्श्चर किंवा प्रमाण बदललं की जुना वक्र बाद. सेन्सर सळईला बांधा, पण सगळे स्लॅबच्या मध्यभागी लावू नका. कडा आणि कोपरे लवकर थंड होतात, तिथे ताकद उशिरा येते, म्हणून निर्णय तिथल्या आकड्यावर घ्यायचा. केबल व्हायब्रेटरनं तुटू नये म्हणून सळईच्या खालच्या बाजूनं न्या.

सेन्सरला फक्त तापमान कळतं. गाडीत जादा पाणी घातलं, व्हायब्रेशन कमी पडलं किंवा क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) झालं नाही, तरी तो ‘ताकद आली’ असंच सांगेल. म्हणून क्यूब (काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद तपासणं) चालूच ठेवा. सपोर्ट काढण्याचा अंतिम निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा.

ड्रोननं मातीकामाचं माप घेतलं तर ते बिलाला चालेल का?

काळजीनं घेतलं तर चालतं. उडताना फोटो एकमेकांवर पुढच्या दिशेला ७५ ते ८० टक्के आणि बाजूला ६५ ते ७० टक्के चढले पाहिजेत. जमिनीवर किमान पाच कंट्रोल पॉइंट (जागा आणि उंची अचूक मोजलेले बिंदू) हवेत : चार कोपऱ्यांना, एक मध्ये. उंचसखल जागेत सर्वात उंच आणि सर्वात खोल भागातही एकेक. याशिवाय दोन-तीन तपासणी बिंदू असे ठेवा जे प्रक्रियेत वापरायचेच नाहीत. मॉडेल त्यांच्यावर किती चुकतं, तीच खरी अचूकता. सॉफ्टवेअरच्या अहवालातला सुंदर आकडा बहुधा वापरलेल्या बिंदूंवरचा असतो.

उंचीतली छोटी चूक मोठी होते. १०,००० चौरस मीटरवर सगळीकडे ५ सेंटिमीटरची चूक म्हणजे ५०० घनमीटर. याचं नेहमीचं कारण म्हणजे उपग्रहावरून आलेली उंची आणि साइटचा बेंचमार्क (उंचीचा ठरलेला संदर्भबिंदू) यांचा पाया वेगळा असणं. दोन्ही सर्व्हे एकाच बेंचमार्कवर बसवा.

गवत, झुडपं आणि साचलेलं पाणी यांवर फोटोवरचं माप विश्वासार्ह नसतं. झुडपाचा माथाच जमीन म्हणून मोजला जातो. शिवाय मूळ जमिनीतलं माप आणि सैल ढिगाचं माप यांत मातीच्या प्रकारानुसार २० ते ३० टक्के किंवा जास्तही फरक असतो. करारात कुठलं माप धरलं आहे ते काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. उडवण्याचे परवाने आणि उंचीची मर्यादा जिथे काम आहे तिथल्या नियमांनुसार.

टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं आखणीचं उपकरण) असूनही कॉलम सरकतात, असं का?

उपकरण क्वचितच दोषी असतं. पहिलं कारण म्हणजे प्रिझम (मोजायच्या बिंदूवर धरलेला परावर्तक) बदलला आणि त्याचा कॉन्स्टंट (उपकरणात भरलेला दुरुस्तीचा आकडा) बदलला नाही. मग प्रत्येक अंतरात साधारण ३० मिलिमीटरची एकसारखी चूक येते आणि एकसारखी असल्यामुळे ती लक्षात येत नाही. दुसरं, कंट्रोल पॉइंट खोदकामाच्या कडेला असतो आणि जमिनीबरोबर सरकतो. रोज सकाळी आखणीआधी एका माहीत असलेल्या बिंदूवर तपासणी घ्या. ५ मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर आखणी थांबवा.

बिम (बीआयएम, म्हणजे इमारतीच्या संगणकावरच्या त्रिमितीय) मॉडेलमध्ये हजारो क्लॅश (दोन वस्तू एकाच जागेत येणं) निघतात. ते सोडवायचे तरी कसे?

सगळे सोडवायचे नसतात. आधी मॉडेलांचा मूळबिंदू आणि लेव्हल एकच आहेत का ते बघा. नसतील तर निम्मे क्लॅश खोटे. मग १० ते २५ मिलिमीटरची सूट लावा आणि उरलेले एकेकटे न बघता जागेनुसार गटात घ्या. एकच चुकलेला डक्ट (हवा नेणारा मोठा मार्ग) चाळीस क्लॅश दाखवतो.

कोण सरकणार, याचा क्रम ठरवून ठेवा. उतारावर वाहणारी सांडपाण्याची लाइन सर्वात शेवटी सरकते, कारण १:१०० उतारानं १२ मीटरमध्ये ती १२० मिलिमीटर खाली येते आणि तिला वर उचलता येत नाही. तिच्या खालोखाल मोठे डक्ट, मग दाबाखालचे पाइप. केबल ट्रे आणि लहान पाइप यांनी वळण घ्यायचं.

नळ हाताळायला आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागणारी जागासुद्धा मॉडेलमध्ये ‘वस्तू’ म्हणून काढा. नाहीतर मॉडेल स्वच्छ दिसतं आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात आत जात नाही. मॉडेलचा साइटवरचा सर्वात थेट फायदा स्लीव्हचा (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये आधीच ठेवलेल्या भोकाचा) आहे. स्लॅब भरण्याच्या किमान दोन आठवडे आधी स्लीव्हचं मापांसह ड्रॉइंग मॉडेलमधून काढून गोठवलं, तर नंतरची कोअर कटिंग (तयार काँक्रीटला भोक पाडणं) फार कमी होते, आणि त्यात सळया कापल्या जाण्याचा धोकाही टळतो.

हजेरीला बोटांचे ठसे का चालत नाहीत?

सिमेंट अल्कधर्मी असतं आणि खडबडीतही. गवंडी व काँक्रीटच्या कामगारांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्र ओळखत नाही, सकाळी गेटवर रांग लागते. चेहरा किंवा कार्ड हा पर्याय बरा. चेहऱ्याची माहिती गोळा करताना ती कशासाठी वापरली जाईल आणि कधी पुसली जाईल, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्या. यंत्र बंद पडलं म्हणून कोणाचा दिवस बुडणार नाही, अशी हाताने नोंदीची सोय ठेवावीच लागते.

यंत्रांवर टेलिमॅटिक्स (यंत्राची माहिती दूरवर पाठवणारी यंत्रणा) बसवलं. आता आकड्यांचं काय करायचं?

इंजिन चालू असलेले तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे पाहा. एक्स्कॅव्हेटर नुसता घरघरत उभा असला तरी डिझेल जळतं, अवर मीटर पुढे सरकतो आणि सर्व्हिस लवकर येते. पण चालकाला दोष देण्याआधी डंपर किती आहेत ते मोजा. बहुतेक वेळा तो गाडीची वाट बघत असतो. टाकीतला इंधन सेन्सर उतारावर चुकीचं दाखवतो, म्हणून चोरीचा संशय सपाट जागेवरच्या नोंदींवरूनच घ्या.

सुरक्षेसाठी कॅमेरे आणि अलार्म पुरतात का?

नाही. हेल्मेट न घातलेला माणूस कॅमेरा दाखवेल, पण उघड्या स्लॅबच्या कडेवरून पडणाऱ्याला रेलिंगच अडवतं. आधी धोका काढून टाकणं, मग अडथळा उभारणं, मग इशारा, हा क्रम बदलू नये. दिवसभर वाजणारा अलार्म माणसं ऐकेनाशी होतात. त्यामुळे रिव्हर्स घेणाऱ्या यंत्राच्या जवळचा पट्टा असे मोजकेच इशारे ठेवा आणि खोटे किती वाजले ते दर आठवड्याला तपासा.

फायदा झाला की नाही, हे कसं ठरवायचं?

सुरू करण्याआधीचे चार आठवडे मोजलेले नसतील तर नंतर काहीच सिद्ध होत नाही. एका तंत्रज्ञानासाठी एकच आकडा धरा : शंका विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतचे दिवस, स्लॅबमागे सळईची तफावत, किंवा पुन्हा केलेल्या कामाचे मनुष्यतास. खर्चात परवान्याबरोबर फोन, चार्जर, माहिती भरणाऱ्याचा वेळ आणि पहिल्या महिन्यातली मंदावलेली गतीही धरा.

पुरवठादार बंद पडला किंवा आपण सॉफ्टवेअर बदललं तर माहितीचं काय?

करारात तीन गोष्टी लिहून घ्या : माहिती तुमची आहे, ती कधीही पूर्ण उतरवून घेता येईल, आणि करार संपल्यावर किमान ९० दिवस उपलब्ध राहील. मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात, तक्ते सीएसव्हीमध्ये (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) आणि कागदपत्रं पीडीएफमध्ये मिळाली पाहिजेत. मग दर तीन महिन्यांनी खरोखर उतरवून पाहा. नोंदी येतात आणि त्यांना जोडलेले फोटो येत नाहीत, किंवा फोटो येतात पण कुठल्या तपासणीचा कुठला हे कळत नाही, असं सर्रास होतं. उतरवलेल्या फाइलमधून एका कॉलमची काँक्रीट तारीख, क्यूबचा निकाल, वापरलेल्या ड्रॉइंगची आवृत्ती आणि तपासणीचा फोटो दहा मिनिटांत सापडला, तर ती प्रत कामाची आहे.